तीन अणू आणि मीटर गेज

हिंगोलीहून हैदराबादला जायचं तर तेव्हा मीटर गेज होती. पूर्णेला गाडी रेंगाळायची. इंजिन बदलायचं, डबे तुटायचे, दुसऱ्या गाडीला जोडले जायचे, आणि मग नांदेड, मुदखेड, निजामाबाद करत काचीगुडा यायचं. पुण्यापेक्षा हैदराबाद आम्हाला जवळ, किलोमीटरनंही आणि सवयीनंही. 1956 पर्यंत आमचा सगळा परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात. त्याच्याही आधी हिंगोलीत निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. आधीच्या पिढीतले वकील नि हेडमास्तर उस्मानिया विद्यापीठात शिकून आलेले, आणि तेही उर्दूतून, रसायनशास्त्रासकट. त्यामुळे औरंगाबादला एम.एस्सी. करून मी संशोधनासाठी हैदराबादची वाट धरली तेव्हा घरात कुणाला विशेष वाटलं नाही. विशेष वाटलं ते विषयाचं.

"तिथं करणार काय तू?" वडिलांनी विचारलं.

"हायड्रोजनचा एक अणू लिथियम हायड्राइडच्या रेणूवर येऊन आदळला तर काय होतं, ते काढायचं."

"काय होतं?"

"बहुतेक लिथियम सुटतो आणि हायड्रोजनचा रेणू तयार होतो."

"मग माहीतच आहे की. त्याला पाच वर्षं कशाला?"

हिशेबाला वडील पक्के होते आणि त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. लिथियम आणि हायड्रोजन यांच्यातला बंध तोडायला सुमारे 2.4 इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. हायड्रोजनचे दोन अणू जुळले की सुमारे 4.5 हाती येतात. वजाबाकी केली तर 2 इलेक्ट्रॉन व्होल्टचा नफा, वाटेत अडसरही नाही. थर्मोडायनॅमिक्स इथंच वही मिटतं. आमची वही मात्र इथं उघडायची. प्रत्येक टकरीत असं होतं, की दहांतल्या एखादीत? आलेला अणू नुसताच परत किती वेळा जातो? कधी तो स्वतः लिथियमपाशी बसतो आणि आधीचा हायड्रोजन निघून जातो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, काहीच घडलं नाही. आणि सुटलेले ते 2 इलेक्ट्रॉन व्होल्ट कुणाच्या वाट्याला जातात? सगळे नव्या रेणूच्या कंपनात गेले तर तो कंपनाच्या चौथ्या पायरीपर्यंत चढू शकतो. गिरकीत गेले तर वेगळं, पळण्यात गेले तर आणखी वेगळं.

त्यातली खरी गोम ही की हायड्रोजन फार हलका. त्याला घट्ट गोळी मानून चालत नाही. नेहमीच्या तापमानाला त्याची औष्णिक तरंगलांबी 1 अँगस्ट्रॉमच्या आसपास असते. तापमान 30 केल्व्हिनवर उतरवा, ती 3 च्या पुढे जाते. लिथियम हायड्राइडचा बंध आहे 1.6 अँगस्ट्रॉमचा. म्हणजे येणारा अणू ज्या रेणूवर येतोय त्याच्यापेक्षा ऐसपैस. तो नेमका कुठं आदळला, हा प्रश्नच मग विचारता येत नाही.

कॉलेजात असताना हायड्रोजनची आमची ओळख कानानं झालेली. परीक्षानळीत जस्ताचे तुकडे, वर सौम्य सल्फ्युरिक आम्ल, तोंडाशी पेटती काडी, आणि फट्! किप्स अ‍ॅपरेटस होतं, पण ते हायड्रोजन सल्फाइडसाठी. सॉल्ट अ‍ॅनालिसिसचं प्रॅक्टिकल चालू आहे हे व्हरांड्यातच नाकाला कळे. सोडियम रॉकेलच्या बाटलीत बुडवून ठेवलेलं, आणि त्या कपाटाची चावी डेमॉन्स्ट्रेटरच्या खिशात. धातूंची हायड्राइडं फक्त पुस्तकात भेटली: पांढरी स्फटिकी पूड, पाण्याशी जोरात अभिक्रिया, दोन गुणांचा प्रश्न. ती वायुरूपातही असतात, एकेकटा रेणू म्हणून हिंडतात, हे डोक्यातच आलं नव्हतं.

16 फेब्रुवारी 1980 ला सूर्यग्रहण झालं. खग्रास पट्टा हैदराबादच्या बाजूनं गेला. हिंगोलीला खंडग्रासच, पण गाव दारं लावून बसलं होतं, पाण्यात दर्भ टाकून. ज्या सूर्याला घाबरून आम्ही घरात बसलो होतो त्याच्या डागांमध्ये मॅग्नेशियम हायड्राइड असतं, आणि हे वर्णपटावरून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ठाऊक होतं, हे मला हैदराबादच्या ग्रंथालयात कळलं. डाग म्हणजे सूर्याची त्यातल्या त्यात थंड जागा. तिथं मॅग्नेशियम आणि हायड्रोजन एकत्र टिकतात. थंड ताऱ्यांत कॅल्शियम हायड्राइड सापडतं. आणि या सगळ्यांच्या भोवती मोकळे हायड्रोजन अणू भरमसाट, म्हणजे आमची टक्कर तिथं अखंड चालूच.

हैदराबादेत ईसीआयएल ही सरकारी कंपनी तेव्हा टीडीसी-316 नावाचे देशी संगणक बनवत असे आणि त्याचा शहराला अभिमान होता. आमच्या वाट्याला जे यंत्र यायचं त्याची स्मृती किलोबाइटमध्ये मोजली जाई. मेगाबाइट हा शब्द तबकडीसाठी राखून ठेवलेला. फोरट्रानचा प्रोग्रॅम आधी ऐंशी रकान्यांच्या कोडिंग शीटवर पेन्सिलीनं लिहायचा. मग पंचिंग. कार्डांच्या गठ्ठ्याला रबरबँड लावून खिडकीत द्यायचा, त्याला 'जॉब टाकणे' म्हणत. दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीत हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कागदाचं भेंडोळं मिळे. एखादा स्वल्पविराम निसटला असेल तर भेंडोळं फार बारीक असे, आणि ते लांबूनच दिसे. आत काय छापलंय ते वाचायचीही गरज नसे.

त्यामुळे जॉब टाकायच्या आधी कागदावर पुष्कळ काम चाले. तीन अणूंच्या प्रत्येक मांडणीला किती ऊर्जा, याचा आधी नकाशा लागतो. अभ्यासक त्याला पोटेन्शियल एनर्जी सरफेस म्हणतात, आम्ही नुसतंच सरफेस. अणू त्या नकाशावरच्या दऱ्याखिंडींतून जातात. आज तो इलेक्ट्रॉनांचं गणित हजारो बिंदूंवर सोडवून बांधतात. तेव्हा आमच्यासारख्यांना लेप्स हे अंदाजी सूत्र परवडे. लंडन, आयरिंग, पोलानी आणि सातो या चौघांच्या आद्याक्षरांचं. त्यात सातोचा एक गुणांक असतो. तो जरा हलवला की वाटेत टेकडी उभी राहते, उलट हलवला की खळगा पडतो. निसर्गानं काय केलंय ते त्यातून कळायचं नाही, आपण काय ठरवलंय ते कळायचं. माझे मार्गदर्शक हे स्पष्ट सांगत आणि वर म्हणत, "तरी काढा. हाताला वळण लागेल."

वळण लागलं. ग्राफ पेपरवर कंटूर काढायचे. हायड्रोजन येतोय, मधे हायड्रोजन, पलीकडे लिथियम, तिघे एका रेषेत असं धरलं तर नकाशाचे अक्ष काटकोनात येत नाहीत. वस्तुमानांमुळे त्यांच्यातला कोन सुमारे 49 अंशांचा होतो. तो कोनमापकानं आखायचा. मग त्या तिरक्या दरीतून एकेक मार्ग सोडायचा, न्यूटनच्या नियमांनी. ही क्लासिकल ट्रॅजेक्टरीची पद्धत 1965 साली कारप्लस, पोर्टर आणि शर्मा यांनी हायड्रोजन अणू आणि हायड्रोजन रेणू यांच्या टकरीसाठी वापरून दाखवली होती. शर्मा हे नाव वाचून आम्हाला उगीच घरचं वाटे. सुरुवातीच्या स्थिती नशिबावर सोडून पुष्कळ मार्ग काढायचे, त्यांतले किती पलीकडे पोचले ते मोजायचं. मोजणी स्वच्छ. पण न्यूटनला शून्य-बिंदू ऊर्जा माहीत नाही. बाहेर पडणारा हायड्रोजनचा रेणू कधी इतका शांत निघे की तेवढं शांत राहायची क्वांटम नियमांत परवानगीच नाही.

मग खरं क्वांटम का नाही? कारण ते कुणालाच परवडत नव्हतं. अ‍ॅरन कुपरमन आणि जॉर्ज शॅट्झ यांनी 1975-76 मध्ये कॅलिफोर्नियात तीन मितींतलं पहिलं बिनचूक क्वांटम गणित प्रसिद्ध केलं, तेही तीन हायड्रोजनच्या सगळ्यांत हलक्या त्रिकुटाचं. 1983 साली रॉनी आणि डॅन कोस्लॉफ यांचा एक निबंध आला. डॅन भूभौतिकीतले, जमिनीतून जाणाऱ्या लहरींचं गणित करणारे. तीच फूरिये पद्धत त्यांनी श्रोडिंजरच्या समीकरणाला लावली. येणाऱ्या अणूची एक लाट करायची, वेव्ह पॅकेट, ती बिंदूंच्या जाळीवर ठेवायची आणि क्षणाक्षणानं पुढं ढकलायची. पूर्णा जंक्शनवर जसे गाडीचे डबे तुटून काही अकोल्याकडं आणि काही नांदेडकडं निघत, तसा लाटेचा एक भाग लिथियम सोडून हायड्रोजन रेणूच्या वाटेला लागतो, एक भाग आल्या वाटेनं परततो. किती भाग कुठं गेला, तेच उत्तर.

हे वाचून आम्ही हरखलो आणि लगेच गुणाकाराला बसलो. दोन अंतरांसाठी 128-128 बिंदू, कोनासाठी 40. साडेसहा लाख बिंदू, प्रत्येकावर दोन संख्या: 10 मेगाबाइट, आणि ही फक्त लाट, बाकी काही नाही. गुणाकार संपला आणि चहा घ्यायला गेलो.

त्या दिवसांतलं दुसरं सुख पोस्टाचं. परदेशी जर्नलं समुद्रमार्गे यायची, काही महिने शिळी होऊन. निबंधाचा सारांश दिसला की लेखकाला छापील पोस्टकार्ड पाठवायचं: कृपया एक प्रत मिळावी. आणि प्रत खरंच यायची! जेरुसलेमहून, पासाडेनाहून, ज्यांचं नाव पुस्तकात वाचलं त्यांच्या ऑफिसातून. 1986 चं रसायनशास्त्राचं नोबेल हर्शबाख, युआन ली आणि जॉन पोलानी यांना मिळालं, एकेका टकरीचा अभ्यास केल्याबद्दल, तेव्हा आमच्या खोलीत पेढे वाटले गेले. आमचा काडीचाही संबंध नव्हता. पण विषय आमचा होता. हे पोलानी लेप्समधल्या पोलानींचे चिरंजीव.

लिथियमच का, हे मला गावी कुणी कधी विचारलं नाही, पण सांगायला हवं. महास्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन, हेलियम आणि अगदी चिमूटभर लिथियम एवढंच तयार झालं. लिथियमचं प्रमाण हायड्रोजनच्या हजार कोटी अणूंमागं काही थोडे अणू. पुढं पहिले तारे जमायचे तर वायूचे ढग थंड व्हायला हवेत, आणि थंड होण्यासाठी उष्णता बाहेर टाकणारा रेणू हवा. हायड्रोजनचा रेणू त्या बाबतीत आळशी, त्याला विद्युत द्विध्रुव नाही. लिथियम हायड्राइडचा द्विध्रुव जबरदस्त, 5.9 डिबाय, अगदी थंडीतही तो नुसत्या गिरकीनं उष्णता फेकत राहतो. म्हणून 1984 साली लेप आणि शुल यांनी हिशेब मांडला की पहिल्या ढगांना थंड करण्यात या रेणूचा हात असेल का. आता सगळा प्रश्न असा की तो तिथं टिकत होता का? भोवती हायड्रोजनचे अणू खच्चून. ते येऊन लिथियम सोडवत असतील तर लिथियम हायड्राइड बनायच्या आत संपणार. म्हणजे वडिलांनी एका वाक्यात निकालात काढलेली अभिक्रिया किती वेगानं चालते, यावर बरंच काही अवलंबून.

यातली गंमत मराठी माणसालाच कळेल. ज्या महास्फोटाच्या विश्वासाठी आम्ही दर काढत बसलो होतो तो महास्फोट जयंत नारळीकरांना मान्यच नव्हता. हॉईल यांच्याबरोबरचं स्थिर विश्व आणि पुढं 1993 पासूनचं अर्ध-स्थिर विश्व, ही त्यांची बाजू त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. मे 2025 मध्ये ते गेले. मराठवाड्यातल्या कित्येक मुलांनी विज्ञानकथा पहिल्यांदा वाचली ती त्यांची, मीही त्यांतलाच. आणि मी माझं आयुष्य त्यांनी नाकारलेल्या विश्वाच्या पहिल्या रेणूंपाशी घालवलं. बहुसंख्य शास्त्रज्ञांच्या विरोधात एवढ्या शांतपणे उभं राहणारा माणूस आता आपल्याकडं दिसत नाही. यात मात्र तेव्हाचं सरस होतं असं मी बेधडक म्हणेन.

आमच्या हयातीत लिथियमचं क्वांटम गणित होणार नाही असं धरून मी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात शिकवायला लागलो. आणि ते झालं, तेही हैदराबादलाच. 2002 आणि 2004 साली हैदराबाद विद्यापीठातल्या पद्मनाभन आणि सुशांत महापात्रा यांचे हायड्रोजन-लिथियम हायड्राइडवरचे निबंध आले: तीन मिती, वेव्ह पॅकेट, रेझोनन्स, औष्णिक दर. महापात्रा कानपूरच्या एन. सत्यमूर्तींच्या तालमीतले. सत्यमूर्तींनी अनेक वर्षं हेलियम आणि हायड्रोजन रेणूचा आयन यांच्या टकरीवर काम केलं. ती टक्कर उलटी वाचली की हेलियम हायड्राइड आयनाचा शेवट होतो. विश्वातला पहिला रेणू मानतात तो हाच, आणि 2019 मध्ये तो एनजीसी 7027 या तेजोमेघात प्रत्यक्ष सापडला. म्हणजे पहिल्या रेणूंचं मरण मोजण्याचं काम आपल्याकडं कानपूर-हैदराबाद या वाटेवर चालू होतं, आणि मी ते स्टाफरूममध्ये वाचत होतो.

बदल व्हायला लागले की सगळे एकदम होतात. 1994 ला नांदेडला विद्यापीठ आलं, 1 मे 1999 ला हिंगोली जिल्हा झाला, 2008 च्या सुमारास आमची लाईन ब्रॉडगेज झाली. मीटर गेजबरोबर मीनाक्षी एक्स्प्रेस गेली. तिच्या आठवणी काढून हळहळणारे माझे मित्र तिच्या डब्यात उभ्यानं किती वेळा आले ते सोयीनं विसरतात. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं. पुण्यात सी-डॅकनं 1991 साली परम 8000 केला, तेव्हा सेकंदाला शंभर कोटी आकडेमोडी हे राष्ट्रीय यश होतं, आणि होतंच; आज त्याहून कितीतरी वेगवान यंत्र माझ्या शर्टाच्या खिशात असतं आणि मी त्यावर सकाळी उठून इतरांचे सुविचार पुसतो.

सगळ्यांत मोठा बदल औंढ्याजवळ. दुधाळ्याच्या माळावर लिगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे. केंद्र सरकारनं एप्रिल 2023 मध्ये 2,600 कोटींची मंजुरी दिली, 11 मे 2023 ला दिल्लीहून पायाभरणी झाली. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात, आत लेसर, आणि गुरुत्वीय लहर आली की लांबीत पडणारा अणुकेंद्रकाहूनही लहान फरक मोजायचा. या लहरी गोंगाटातून ओळखायच्या गणिती पद्धतींत पुण्याच्या आयुकातल्या संजीव धुरंधरांचं काम पायाचं आहे. गावात याची चर्चा वेगळ्याच अंगानं चालते. मार्च 2024 मध्ये औंढा-वसमत-कळमनुरी पट्ट्याला हादरे बसले तेव्हा टपरीवर मला विचारलं गेलं, "सर, ते लिगो लिगो म्हणतेत ते भूकंपाचंच यंत्र हाय ना?" नाही म्हटलं. "मग भूकंप आला की ते कसं करायचं?" हा प्रश्न मात्र बरोबर होता, त्यावर अभियंते बरंच डोकं खर्च करतात.

मला त्या नळ्यांत वेगळाच रस. आतला दाब वातावरणाच्या लाख-कोटीव्या भागाइतका उतरवायचा असतो. हवा काढून टाकता येते, पाण्याची वाफ काढता येते. शेवटी उरतो तो हायड्रोजन, आणि तो बाहेरून येत नाही. पोलाद बनताना त्यात मुरलेला असतो. अणू-अणूनं पृष्ठभागावर येतो, तिथं दुसरा अणू गाठतो, रेणू होतो आणि नळीत सुटतो. अमेरिकेतल्या लिगोच्या नळ्यांचं पोलाद म्हणूनच आधी भट्टीत भाजून घेतलं, आणि नळ्या जोडल्यावर पुन्हा सुमारे महिनाभर 150 ते 170 अंशांवर तापवून ठेवल्या. धातूपाशी असलेल्या हायड्रोजनला दुसरा हायड्रोजन भेटतो आणि दोघं धातूला सोडून जातात: आमची अभिक्रिया याच घराण्यातली, फक्त तिथं धातूचा एकच अणू असायचा. ज्या जिल्ह्यात आम्ही काडी लावून हायड्रोजनचा फट् ऐकत होतो त्या जिल्ह्यात आता पोलादातला हायड्रोजन हाकलायची काळजी घेतली जाणार.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी पुण्यात शिकते. वडील हळदीच्या व्यापारात, मुलगी क्वांटम डायनॅमिक्समध्ये. बाप मला सर म्हणतो म्हणून तीही सरच म्हणते. दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन आली आणि तिनं मला लिथियम हायड्राइडवर येणाऱ्या लाटेचा सिनेमाच दाखवला. साडेसहा लाखांहून जास्त बिंदू, सगळं रंगात. लाट आली, खड्ड्यात शिरली, फुटली. आणि एक भाग न जाता तिथंच रेंगाळला, पुढं-मागं हेलकावत. रेझोनन्स. हा शब्द मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिला, तो आलेखावरचं टोक म्हणून. त्या टोकावेळी तिथं आत हे असं चाललेलं असतं हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. "परत लाव," असं मी इतक्यांदा म्हणालो की तिला हसू आलं.

म्हणून सांगतो, पंचकार्डांच्या नावानं गळा काढणाऱ्यांत मला धरू नका. यंत्राचा वेळ मिळत नव्हता यात तपश्चर्या वगैरे काही नव्हतं, टंचाई होती. चार बुद्धिमान पोरं एका खिडकीसमोर उभी राहत आणि त्यांची वर्षं त्यात जात. लेप्सच्या टेकड्या आम्ही आवडीनं नाही, नाइलाजानं चढलो. आजची पोरं इलेक्ट्रॉनांच्या गणितातून हजारो बिंदू काढतात, त्यांच्यावरून मशीन लर्निंगनं सरफेस बसवतात, आणि तो माझ्या हातच्या कंटूरपेक्षा प्रत्येक बाबतीत सरस असतो. क्वांटम संगणक येऊन हे सगळं आणखी सोपं करणार असंही म्हणतात. 2023 च्या राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी सहा हजार कोटी ठेवलेत. येऊ देत.

टंचाईनं एकच सवय लावली होती, अजमासाची. जॉब टाकायच्या आधी उत्तर साधारण केवढं येणार ते कागदावर असायला हवं, कारण चुकीचं उत्तर आलं आणि ते ओळखता आलं नाही तर आठवडा गेला. ही सवय टंचाईबरोबरच गेली. ती सद्गुण म्हणून आलेलीच नव्हती, मग राहील कशाला?

त्या मुलीचा एक आलेख मात्र अडला होता. जास्त ऊर्जेला सगळं गुळगुळीत, आणि अगदी कमी ऊर्जेला, 30 केल्व्हिनच्या आसपास, रेषा थरथरत होती. तिनं बिंदू दुप्पट केले, काळाची पावलं निम्मी केली, थरथर तशीच. "जाळीच्या कडेला लाट शोषून घ्यायला पट्टा ठेवलायस ना, तो किती रुंद?" मी विचारलं. तिनं पाहिलं: अडीच अँगस्ट्रॉम. मी पाकिटाच्या मागं आकडे मांडले. लॉगॅरिदमचं क्लार्क टेबल कपाटात कुठंतरी आहे, पण वर्गमूळ तेवढं तोंडी येतं. 30 केल्व्हिनला टकरीची ऊर्जा 0.0026 इलेक्ट्रॉन व्होल्ट, वस्तुमान जवळजवळ हायड्रोजनचंच. तरंगलांबी 6 अँगस्ट्रॉमच्या घरात. सहाची लाट अडीचच्या पट्ट्यात मुरणार कशी? ती कडेला लागून परत येत होती आणि नव्या लाटेत मिसळत होती. तिनं जाळी लांबवली, पट्टा रुंद केला. रात्री उशिरा रेषा स्थिर झाली.

पण खुशी तासाभराचीच. दुसऱ्या एका गटानं नव्या सरफेसवर काढलेले दर तिनं शेजारी मांडले. वरच्या तापमानाला जुळत होते, खाली नव्हते.

"यातला खरा कुणाचा, सर? प्रयोग करून ठरवत का नाहीत?"

लिथियम हायड्राइड 690 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, मी म्हणालो. त्याची वाफ करायची, ती 30 केल्व्हिनला उतरवायची, आणि तिच्यात मोकळे हायड्रोजन अणू सोडून एकेक टक्कर मोजायची. कुठल्या नळीत करशील?

ती गप्प बसली, म्हणजे मला तसं वाटलं. प्रत्यक्षात तिनं तो दुसरा सरफेस उतरवून घेतला होता आणि आपल्या प्रोग्रॅमला जोडून गणित सुरूही केलं होतं.

"किती येईल वाटतं?" मी विचारलं.

"चाळीस मिनिटांत कळेलच की, सर," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.